लाल खोक्याची मोजणी

उंची आठ फूट अडीच इंच, घुमटासकट.
रुंदी तीन फूट, पण सगळीकडे सारखी नाही;
टेप दोनदा लावला, मग मान्य केलं,
पूर्वेची बाजू बोटभर फुगलेली आहे.
ओतकामात होतं असं, दस्तगीर म्हणाला,
वाळू नीट ठोकली नसेल कुणी त्या दिवशी.

तो रंग खरवडतोय.
वरचा लाल, परवाच्या स्वच्छता सप्ताहातला.
त्याखाली पिवळा.
त्याखाली कुणा उमेदवाराचा निळा,
नावातलं फक्त ‘राव’ शिल्लक.
आणि अगदी तळाशी पुन्हा लाल,
वाळल्या मिरचीच्या आतल्या अंगासारखा.
हाच लावायचा, मी म्हणाले.
हा डब्यात मिळत नाही ताई, करावा लागंल.

समितीचे साहेब पुण्याहून आले,
रिक्षातून न उतरताच म्हणाले, नक्कल आहे.
अस्सल खोक्याला माथ्यावर मुकुट असतो,
काचा बहात्तर.
इथे चौपन्न.

खरं आहे.
मगदूम फाउंड्रीत एका कॅलेंडरवरचं चित्र बघून हे ओतलं.
चित्रात मागची बाजू नव्हती,
ती बाबालाल शिकलगारांनी मनानं केली.
घर सतारीचं; पोटासाठी फाउंड्रीचे लाकडी फर्मे करायचे.
घुमटाचा फर्मा कोरताना
समोर भोपळा ठेवला होता म्हणे, पिकून वाळलेला,
म्हणून तो वर असा आहे, कुशीत घ्यावासा वाटणारा.
मुकुटाच्या जागी एक पान,
सतारीच्या गळ्यापाशी असतं तसलं.

अर्जात रकाना होता : शैली.
मी लिहिलं, मिरज.
खोडायला लावलं.

दवाखान्याच्या फाटकासमोर हे उभं.
जत, अथणी, मंगळवेढा, विजापूर,
कुठकुठली माणसं रात्री रांगेत,
मुठीत घामेजलेला रुपया.
सुट्टे द्यायला ऐनापुरे अण्णाप्पा, स्टुलावर.
अण्णाप्पांना ऐकू यायचं नाही,
त्याच कोट्यातून त्यांना हे खोकं मिळालेलं.
लोक हसायचे : बहिऱ्याकडे फोन!

पण दाराखाली सहा इंचांची फट आहे.
चित्रात होती, म्हणून राहिली.
फटीतून पाय दिसायचे.
रक्ताची बाटली हवी असली की टाचा उचललेल्या.
नातू झाला की वजन या पायावरून त्या पायावर.
पैसे मागणारा एक पाय दुसऱ्यावर घासायचा.
आणि काही पाय हलायचेच नाहीत.
तेव्हा अण्णाप्पा स्टुलावरून उतरायचे,
रांगेकडे तळहात धरायचे,
आणि वाकून, फटीतून,
एक रुपया आत सरकवायचे.

साहेबांची शिफारस, कलम चार :
फट पत्र्याने बंद करावी, कुत्री शिरतात.

काल दस्तगीर उंबऱ्याशी आला आणि खरवडायचा थांबला.
खाचेत काहीतरी गोल.
त्यावर पिवळा बसलेला, पिवळ्यावर लाल,
पण ब्लेडचं टोक लागलं तिथं चकाकत होतं.
कुणीतरी उचलला नव्हता.
बोलणं संपलं असेल तोवर,
किंवा पुढे बोलण्यासारखं काही उरलं नसेल.
किंवा दिसलाच नसेल, रात्रीची वेळ.

काढू का, त्यानं विचारलं.
ब्लेड तसंच धरून
तो माझ्याकडे बघत राहिला.
समोर दवाखान्याच्या दारात कुणीतरी
मोबाइल कानाला लावून फेऱ्या मारत होतं,
पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

राहू दे, म्हणाले.

नकाशात झाकलेली वस्तू तुटक रेघेनं दाखवतात.
उंबऱ्यापाशी एक लहान तुटक वर्तुळ काढलंय.
त्याचं माप लिहिलेलं नाही.
फटीचं लिहिलंय : सहा इंच, मोकळी.
‘मोकळी’खाली दोनदा रेघ.